पांढऱ्या ब्लाउजवरचं तेल

धम्मदीक्षेच्या सोहळ्याला आमच्या वस्तीतल्या बायका पांढऱ्या साड्या नेसतात आणि त्यावरचे ब्लाउज माझी माय शिवते. पायाची जुनी मशीन थकली, म्हणून त्या वर्षी मायने तालुक्याच्या बाजारातून मोटारवाली नवी मशीन आणली. दुसऱ्याच दिवशी सुईच्या दांड्यातून तेल ठिबकायला लागलं. पहिलाच ब्लाउज शेजारच्या काकीचा होता. पाठीवर पिवळट ठिपक्यांची रांग. काकीने तो उलटसुलट करून पाहिला.

"बाई, आता दिसत नाई वाटते तुमाले," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत आणखी तिघींनी आपलं कापड परत नेलं. मायच्या हातून आजवर कोणाच्या कापडाला डाग लागला नव्हता. त्या रात्री ती जेवली नाही.

दुकानात ती आधी एकटी गेली. दुकानदाराने बस म्हटलं नाही, वरून अरेतुरे केलं. तेल जास्त घातलं असशील, म्हणाला. मायने तेलाची बाटली उघडलीही नव्हती. त्याने फडक्याने मशीन पुसली आणि दुरुस्त झाली म्हणून परत पाठवली.

तेल ठिबकतच राहिलं. पुढच्या वेळी मी सोबत गेले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. दुकानदाराने खणातून गडद निळ्या कापडाचा तुकडा काढला, त्यावर टीप मारली आणि डाग दाखव म्हणाला. ही त्याची हुशारी. मी माझी पांढरी ओढणी सुईखाली सरकवली. वीतभर शिवण व्हायच्या आत तीन थेंब.

त्याने ओढणीकडे पाहिलं. "मंग काही दिवस रंगीत कपडा शिवाचा ना."

लाज नावाची वस्तू तो दुकानात ठेवतच नसावा. मग त्याने बिलाच्या तळाशी बोट ठेवलं: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. स्वतः छापून घेतलेली ओळ तो कोर्टाचा निकाल असल्यासारखी वाचत होता. तेवढ्याने भागेना, तेव्हा म्हणाला की तुम्ही मशीन धंद्यासाठी घेतली, धंदेवाला ग्राहक नसतो. मी सांगितलं, स्वतःच्या हाताने राबून पोट भरण्यासाठी वस्तू घेणारा माणूस कायद्याने ग्राहकच असतो. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहून हसला. "कालेजवाली दिसते."

"हो," मी म्हटलं. "आता लिहूनच देते."

एका पानाची नोटीस लिहिली. बिलाचा क्रमांक, दोष, पंधरा दिवसांची मुदत, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग. एक प्रत त्याला, एक कंपनीला, दोन्ही रजिस्टर पोस्टाने. आठवड्याभरात कंपनीचा मेकॅनिक दारात. त्याने मशीन उघडली आणि आतली तेल अडवणारी रबरी सील कारखान्यातूनच वाकडी बसल्याचं पाहिलं. मी म्हटलं, लिहून द्या. ताई, लिहायचं काय त्यात, असं तो तीनदा म्हणाला. चौथ्यांदा त्याने लिहिलं.

मग दुकानदार स्वतः टेम्पोतून नवी मशीन घेऊन आला. सोहळा आठ दिवसांवर होता. दुकानात अरेतुरे करणारा आता 'माताजी, माताजी' करत होता. आपण घरचे माणसं, कागदपत्र कशाला, म्हणाला. त्याच्या या गोडव्यापेक्षा मला त्याचा उर्मटपणा परवडला असता.

मायने पांढऱ्या चिंधीवर नवी मशीन चालवून पाहिली. चिंधी कोरी राहिली. मग तिने काकीला हाक मारली आणि दुकानदाराला म्हणाली, "आता हिले सांग."

"मशीन खराब होती," तो पुटपुटला.

"कोणी देल्ली होती?"

"मीच देल्ली होती, माताजी."

"अन् डाग?"

"मशीनचाच."

"मले तं तवाच वाटलं होतं," काकी लगेच म्हणाली. तिला तेव्हा तसं काही वाटलं नव्हतं. मायलाही ते ठाऊक होतं. तिने टेप काढला आणि काकीला हात वर करायला सांगितलं.