आईच्या नावापुढे "सगळे"

विमला घाडी कशावर चिडेल याचा नेम नाही, असं घाटकोपरच्या त्या टेकडीवरचे लोक म्हणत. खोटं म्हणत. ती कशावर चिडते ते अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं. ऐकायचं नव्हतं कोणाला, एवढंच.

आदल्या वर्षी, चौऱ्याऐंशीच्या पावसात, वरच्या रांगेवर दरड कोसळली. लोक वेळेत बाहेर पळाले. पोरं आणली, ट्रंका आणल्या, कोंबड्यासुद्धा आणल्या. हरेश्वर म्हातारा तेवढा खाटेवर राहिला. मोठ्याला वाटलं धाकट्याने आणला, धाकट्याला वाटलं वहिनीने. घरात सात धडधाकट माणसं! त्या दिवशी विमलाचं डोकं जे तापलं ते थंड झालंच नाही.

म्हणून यंदा मे महिन्यात तिने नवऱ्याला, लवूला, कागद घेऊन बसवलं. दरड आली तर कोणी काय उचलायचं, खाली शाळेत कुठे भेटायचं, सगळं लिहा. गिरणी सुटल्यापासून लवू एका कंपनीत वॉचमन होता, अक्षर वळणदार. त्याने मन लावून लिहिलं. रेशनकार्ड, कागदपत्रं – शुभा, म्हणजे त्यांची मुलगी. देव – विमला. टीव्ही – मी. त्याची आई पार्वती, तिचे पाय दोन वर्षांपूर्वी गेलेले. तिच्या नावापुढे त्याने लिहिलं : सगळे.

"सगळे?" विमला ओरडली. "सगळे म्हणजे कोण हो? हरेश्वरकाकांना पण सगळेच होते ना! टीव्हीपुढे स्वतःचं नाव घालताना बरा हात चालला!"

"अगं, हळू बोल. लोक ऐकतायत."

"ऐकू देत! लाज वाटू दे जरा!"

कोपऱ्यातून म्हातारी म्हणाली, "माका कित्याक लिवतंस रे? माजा आता झाला."

वीस वर्षं या सासूशी विमलाचं एक दिवस पटलं नव्हतं. आमटीतल्या मिठापासून शुभाच्या बारशापर्यंत भांडणंच. पण हे ऐकून तिला असा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि पाणी आलं म्हणून आणखीच संताप. तिने कागद ओढला, "सगळे" खोडलं आणि ठसठशीत लिहिलं : लवू.

"आता उचला. आत्ता. मला बघायचंय जमतं का."

भर दुपारी, अख्ख्या वस्तीसमोर, लवू आईला पाठीवर घेऊन पायऱ्या उतरू लागला. बाराव्या पायरीवर धापा टाकत बसला. म्हातारीने त्याच्या गळ्यातले हात सोडले.

"माका हयच ठेव रे बाबू," ती म्हणाली. "तू जा."

लवूला रडू कोसळलं. विमलाने त्याला रडत बसू दिलं नाही. म्हातारीचे हात उचलून तिने पुन्हा त्याच्या गळ्यात घातले.

"अजून तीस पायऱ्या आहेत," ती म्हणाली. "उठा."