जेवायची थाळी

बाळंतिणीच्या खोलीपाशी कुणी थाळी घेऊन आलं, की डॉक्टरीणबाई नुसता हात पुढे करायच्या. मग त्याच थाळीत डब्यातली भाकरी वाढून घेऊन नव्या मुलाशेजारी स्टुलावर जेवायला बसायच्या.

"थाळी जेवाले असते, वाजवाले नाही."

मूल रडलं नाही की त्याच्या कानाशी थाळी बडवायची, ही आमच्याकडची रीत. मलकापुरात माझं भांड्यांचं दुकान बाईंच्या दवाखान्यासमोरच होतं, त्यामुळे या रीतीबद्दल माझी काही तक्रार नव्हती. घाईत आलेलं गिऱ्हाईक घासाघीस करत नाही.

मुलाला उलटं धरून पाणी काढा, असंही कुणी म्हणायचं. बाई चटणी कालवत सांगायच्या, "मायच्या पोटात लेकराच्या फुप्फुसात पाणीच असते. कळा सुरू झाल्या का ते अंगातच मुराले लागते. उलटं कराले ते काय मडकं हाये? मुरू द्या."

माझ्या बायकोच्या वेळी मूल आडवं होतं. कळांची वाट न पाहता बाईंनी ऑपरेशन करून मुलगी काढली. ती रडली, आणि मग भराभर श्वास घ्यायला लागली. नाकपुड्या फुलत होत्या, छाती आत ओढली जात होती, कण्हणं थांबत नव्हतं. हे सगळं शंभरदा ऐकलेला मी, दुकानातली सगळ्यात मोठी थाळी घेऊन धावलो.

बाईंनी हात पुढे केला. "कळाच नाही आल्या, म्हणून पाणी मुराले उशीर होऊन राह्यला. प्राणवायू लावला हाये. तुम्ही दुकानात बसा."

"पोरगी वाचते ना, बाई?"

"भेव असतं त मी जेवाले बसली असती काय?"

हे मला पटलं. दुपारभर मी तीच ती भांडी पुसत बसलो. समोरच्या खिडकीत बाईंची पाठ दिसत होती. इतकं सावकाश जेवणारं माणूस पाहून मला फार धीर आला.

दिवस कलताना मुलीचा श्वास संथ झाला. नर्सनं थाळी परत आणून दिली. भाकरी तिच्यात अख्खीच होती. चटणी कडेला वाळून गेली होती.

त्यानंतर खिडकीत त्यांची पाठ दिसली, की कोपर हलतंय का ते पाहायचो. हललं की गिऱ्हाइकाकडे वळायचो.

बाई जाऊन बरीच वर्षं झाली. खिडकी बंद असते. मुलीच्या वेळची ती थाळी मी विकली नाही. रोज दुपारी त्या खिडकीकडे तोंड करून तिच्यातच जेवतो. पहिला घास घ्यायला जरा वेळ लागतो.