रागातलं उत्तर

जर्मनीतल्या येनाच्या विद्यापीठात विभावरी सोमण गेली सात वर्षं जुन्या फ्रान्सवर राज्य करणाऱ्या फ्रँक टोळीच्या राजांवर पीएचडी करते आहे. नाशिकच्या मुलीनं दीड हजार वर्षांपूर्वीच्या परक्या राजांची भाऊबंदकी कशाला उकरायची, असं विचारणारे नातेवाईक पुष्कळ. नवरा उल्हास इथंच एका लेन्सच्या कंपनीत आहे. तोसुद्धा "हिचे राजे" म्हणून चिडवतो. एकट्या अण्णांना, तिच्या वडिलांना, त्यात कधी हसण्यासारखं वाटलं नाही. दर रविवारी ते फोनवर विचारायचे, "मग, आता गादीवर कोण?" आणि ती तासभर सांगत बसायची.

फ्रँकांची गादी म्हणजे नुसता तमाशा. राज्य सगळ्या मुलांत वाटलं जायचं आणि पुतण्यांचा वाटा गिळायला काका टपलेलेच. लांब केस ही राजघराण्याची खूण. केस कापले की हक्क संपला. क्लोटिल्ड राणीचे तीन नातू बापाविना तिच्याकडे वाढत होते. तिच्याच दोन मुलांनी त्या पोरांना फसवून नेलं आणि आईकडे एक माणूस पाठवला, कात्री आणि तलवार देऊन. केस कापू की मारू, तूच सांग. म्हातारीचा नुसता संताप झाला. गादी नसेल तर मेलेली बरी, असं ती बोलून गेली. त्या काळचा बखरकार सांगतो, आपण काय बोलतोय याची तिला शुद्ध नव्हती. निरोप्या मात्र तिचं मन पालटायची वाट न बघता तडक निघाला. दोन नातू मारले गेले, एक कसाबसा निसटला.

या एका उत्तरावर विभावरीच्या प्रबंधातलं अख्खं प्रकरण आहे. हे उत्तर नव्हे, हा राग आहे, एवढं निरोप्याला कळायलाच हवं होतं, असं तिनं ठासून लिहिलं होतं. राणीला तर तिनं केव्हाच माफ करून टाकलं होतं.

फेब्रुवारीत अण्णा घरात पडले, खुब्याचं हाड मोडलं. धाकटा भाऊ सिद्धेश आणि त्याची बायको, दोघं नोकरीवाले. अण्णांना वृद्धाश्रमात ठेवू का, असं तो सारखा विचारायचा आणि ती दर वेळी नाही म्हणायची. अण्णाही घर सोडायचं नाव काढू देत नव्हते. सातव्यांदा फोन आला तेव्हा ती ट्रामच्या थांब्यावर होती. कोलोक्विअमला उशीर होत होता, प्राध्यापकांपुढे हेच प्रकरण वाचायचं होतं.

"सिद्धेश, मला आत्ता अजिबात टाइम नाहीये," ती ओरडली. "कर तुला काय करायचं ते!"

आता मराठीत याचा अर्थ 'कर' असा होत नाही. 'खबरदार केलंस तर' असा होतो. शेंबड्या पोरालाही ते कळतं.

अण्णा वृद्धाश्रमात गेले आणि एकोणीस दिवसांनी गेलेच. विभावरी नाशिकला जाऊन तेरावा करून परतली. भावाशी कामापुरतं बोलली. एप्रिलमध्ये प्रकरण दुरुस्तीला काढलं आणि निरोप्याच्या त्या वाक्याशी येऊन ती भर वाचनालयात हमसून हमसून रडली. मग बाहेर पायऱ्यांवर बसून तिनं सिद्धेशला फोन लावला.

"मी रागानं बोलले होते. तुला कळलं नव्हतं का रे?"

"कळलं होतं, ताई," तो म्हणाला. "मी फार थकलो होतो गं."

तिला भांडायचं होतं, पण अंगात बळच उरलं नव्हतं. "आणि अण्णा? ते कसे तयार झाले?"



"मी त्यांना सांगितलं, ताई हो म्हणाली."

"मग?"

"मग काही नाही. म्हणाले, विभानं सांगितलंय ना, मग विचार करूनच सांगितलं असेल. माझी बॅग काढ."