जर्मन संताचं विसर्जन

क्लेटनमध्ये, म्हणजे आमच्या परदेशी विद्यापीठाच्या उपनगरात, तेव्हा खोली मिळणं म्हणजे चांगलं स्थळ मिळण्याइतकं अवघड होतं. युनीला आम्हा देशी पोरापोरींची जत्राच लोटली होती. मला खोली दिली एका जर्मन आजींनी. भाडं कमी, पण अट एकच: दर रविवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, त्यांच्या गावाचा अल्बम बघायचा.

गाव एवढंसं, तळ्याकाठचं. अख्खा वारसा म्हणजे ते तळं, कांद्यासारख्या घुमटाचं चर्च आणि धुरी दिलेले मासे. मी पडले ठाण्याची. आमच्याकडे चालता चालता तळ्यात पडायची सोय आहे, वर काठावर भेळही मिळते. पण खोली टिकवायची होती, म्हणून मी मुकाट्याने "वा, वा" करायचे.

एका फोटोत चामड्याच्या अर्ध्या चड्ड्या घातलेले बाप्ये लाकडी संताला होडीतून नेत होते. वर्षातून एकदा त्याला असं तळ्यावर फिरवतात, आजी म्हणाल्या. त्याचीच वीतभर मूर्ती त्यांच्या टीव्हीशेजारी उभी होती.

"आणि मधोमध नेऊन बुडवतात ना?" मी विचारलं.

"बुडवतात?"

"मग काय, परत आणतात? एवढं मिरवून?"

जन्मभर गणपती पाहिलेल्या माणसाने दुसरं काय विचारायचं? पण आजींनी फाटकन अल्बम मिटला आणि माझ्याशी बोलणंच टाकलं. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली.

मग एका सकाळी चहा ओतताना त्यांनीच विचारलं, "तुम्ही देवाला बुडवता कशाला?"

मी सांगितलं, तो पाहुणा असतो. मुक्काम संपला की त्याच्या घरी जातो, आपण त्याला अडवून धरायचं नसतं.

आजींनी किटली खाली ठेवली. मग म्हणाल्या, मुलगा हे घर विकून त्यांना वृद्धाश्रमात हलवणार आहे. तिथल्या खोलीत सामानाला जागा नाही. संताचं काय करू विचारलं, तर म्हणाला, "फेकून दे, नो वरीज."

"मी याला कचऱ्यात जाऊ देणार नाही," आजी म्हणाल्या. "आपण तुमच्यासारखं करू."

त्याच दुपारी आम्ही पार्कातल्या तळ्यावर गेलो. बदकांनी पावाच्या आशेने आम्हाला घेरलं. मी "मोरया" पुटपुटले, आजी जर्मनमध्ये काहीतरी म्हणाल्या आणि त्यांनी संताला पाण्यात सोडलं.

तो काही बुडेना. आमचे देव मातीचे, हा लाकडाचा, हे दोघींपैकी एकीच्याही टाळक्यात शिरलं नव्हतं. मी काठीने ढकललं, तर मेला डुबकी मारून पुन्हा वर. मला हसू आवरेना. वाऱ्याने तो हळूहळू काठाला लागला, तशा आजी बुटांसकट पाण्यात उतरल्या. त्याला उचलून त्यांनी कोटाने पुसलं आणि रडायला लागल्या. माझं हसू तिथल्या तिथे थांबलं.

"याला जायचं नाहीये," त्या म्हणाल्या. "मलाही नाही जायचं."

"आजी, हे मला सांगून काय उपयोग?" मी म्हटलं आणि त्यांच्या मुलाला फोन लावून त्यांच्या ओल्या हातात दिला.