आर्लोच्या गव्हातून

पेल्टन फ्लॅट हे गाव नव्हतंच मुळी. महापौर नाही, पोलीस नाही, नगरपालिका नाही. गव्हाच्या टेकड्यांत विखुरलेली घरं आणि एक चर्च. शिरगणतीवाले दर दहा वर्षांनी येत, नकाशावर रेघ ओढून वस्तीला नाव देत आणि निघून जात. पंप बिघडला, रस्ता खचला की लोक व्हर्ला स्टॅडलरचं दार वाजवत. ती शाळेची बस चालवायची, नवरा गेल्यापासून शेतीही एकटीच ओढायची. तिच्या तोंडून कुणाला कधी 'नाही' निघालं नव्हतं, एवढंच.

ऑगस्टातल्या एका दुपारी पश्चिमेच्या टेकडीमागून धूर उठला. वारा थेट वस्तीकडे. व्हर्लानं काउंटीच्या अग्निशमन केंद्राला फोन लावला. बंब दुसऱ्या आगीवर गेले होते. बाहेर पडायचा रस्ता एकच, आणि तो धुरात गेलेला.

तिनं ट्रॅक्टरला तव्यांचा कुळव जोडला. आग आणि घरं यांच्यामध्ये मातीचा उघडा पट्टा काढायचा, दुसरा उपाय नव्हता. पण मधलं सगळं रान आर्लो किम्झीचं. गहू कापणीला आलेला. आर्लो फाटक लावून समोर उभा होता.

"माझ्या उभ्या पिकात ट्रॅक्टर घालायचा नाही."

"बाजूला हो, आर्लो."

"कुणाच्या हुकमानं? तू काय महापौर लागून गेलीस?"

"हुकूम सोडणारा इथं कुणी असता, तर मी तुझ्या तोंडी लागले असते का?"

"बंब येतील."

"येतील की. राख भिजवायला."

तो हलेना. व्हर्लानं ट्रॅक्टर फाटकाला टेकवला. या माणसाला ती लहानपणापासून ओळखत होती. तो अंगावर घेईल, पण हटणार नाही. मग तिनं इंजिनच बंद केलं.

आवाज थांबला आणि आर्लोच्या पाठीमागून आगीची तडतड ऐकू आली. आर्लोनं वळून पाहिलं. टेकडीचा माथा पेटला होता.

त्यानं फाटक उघडलं. "खाली ओहळ आहे, फसशील. वरच्या अंगानं घे," म्हणाला आणि स्वतःचा ट्रॅक्टर आणायला धावला.

दोघं दोन टोकांकडून माती उलथत निघाले. धुरात समोरचं दिसेना. आर्लोचा ट्रॅक्टर आपल्यावर आदळेल या धास्तीनं व्हर्ला सारखा हॉर्न दाबत होती. पलीकडूनही हॉर्न आला की जिवात जीव यायचा. वाऱ्यानं ठिणग्या उडाल्या आणि तिच्या शेडनं पेट घेतला. तिनं पाहिलं, पण वळली नाही. पट्टा अजून जुळला नव्हता.

जुळला, तेव्हा ज्वाळा मातीपाशी येऊन पोहोचल्या होत्या. थोडा वेळ भडकल्या, मग बसत गेल्या. घरं वाचली.

बंब आले. बंबावरच्या एका जवानानं विचारलं, "इथं प्रमुख कोण?"

"कुणी नाही," आर्लो म्हणाला. "ही बाई आहे, लोकांची पिकं उलथते."

व्हर्ला अजून ट्रॅक्टरवरच होती. स्टिअरिंगवरची बोटं सुटेनात. आर्लो वर चढला आणि त्यानं ती एकेक करून सोडवली.

"शेड गेली तुझी."

"दिसलं मला."

"आतली बियाण्याची पोती?"

तीही गेली, अशी तिनं मान हलवली आणि इतका वेळ आवरलेलं रडू तिला तिथंच फुटलं. आर्लो शेजारी बसून राहिला.