सोमलाबाबांना सांगितलेले शब्द

भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही. वडिलांनी धम्म घेतला तेव्हाच नवस, अंगारे, अंगात येणं हे सगळं आमच्या आखाडा बाळापूरच्या घरातून बाहेर गेलं. त्यात मी मानसशास्त्रात एम.ए. केलेलं. त्यामुळे 'बाई घाबरट असेल' असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. मी घाबरले नव्हते... बुचकळ्यात पडले होते, आणि अजून तिथेच आहे.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. हिंगोली जिल्हा तेव्हा झालाच नव्हता, आम्ही परभणीत मोडायचो. कळमनुरीच्या एका धर्मादाय दवाखान्यात औरंगाबादहून एक डॉक्टर अधूनमधून मुक्कामाला यायचे. म्हाताऱ्या माणसांच्या मानेला स्टेथोस्कोप लावून ऐकत बसायचे. मेंदूला रक्त नेणारी मानेतली नस आतून अरुंद झाली की तिथे फुंकर मारल्यासारखा आवाज येऊ शकतो. अशा माणसांची आठवण, विचार करण्याची ताकद कमी होते का, हे त्यांना बघायचं होतं. त्या चाचण्या घ्यायला मी होते.

चाचणी साधी. पाच शब्द सांगायचे, मग शेतीच्या, बाजाराच्या गप्पा मारायच्या आणि थोड्या वेळाने तेच शब्द विचारायचे.

सोमलाबाबा बाळापूर रस्त्यावरच्या एका तांड्यातले. त्यांच्या डाव्या डोळ्यासमोर मधेच अंधारी यायची, बोलता बोलता शब्द अडायचे. मानेत डावीकडे आवाज स्पष्ट होता. डॉक्टरांनी त्यांना ठेवून घेतलं. डोकं शाबूत असेल तर ऑपरेशनसाठी मुंबईला पाठवायचं त्यांच्या मनात होतं, त्यामुळे माझ्या चाचणीवर बरंच काही अवलंबून होतं.

मी शब्द सांगितले — आरसा, चिंच, कंदील, उंट, शिडी. नंतर विचारले तर बाबा ओशाळून हसले. "गेले की वो, बाई. आता इथंच व्हते."

एकही आठवला नाही. मी बाहेर आले. व्हरांड्याच्या पायरीवर त्यांची बायको लालीबाई भाकरीचं फडकं सोडत बसली होती. मला म्हणाली, "बाई, इथं उंट काहून आला?"

"कुठला उंट?"

"काय म्हाईत. उंट, शिडी, कंदील... मघापासून डोक्यात येऊन राहिलं."

खिडकीतून ऐकलं असणार, असं म्हणून मी विषय सोडला. पण लालीबाईला ऐकायला कमी यायचं. तिच्याशी मोठ्यानेच बोलावं लागायचं. ते मनात राहिलं.

दोन दिवसांनी ती शेळ्यांकडे बघायला तांड्यावर गेली. त्या दुपारी मी खोलीचं दार-खिडकी लावून घेतली आणि बाबांना नवे शब्द सांगितले, बसल्या जागी सुचतील ते. पतंग, मीठ, ससा, खिडकी. या वेळी मुद्दाम चारच. बाबांना याही वेळी काही आठवलं नाही. मी लगेच बाळापूरची एस.टी. पकडली. तसंही घरी जायचंच होतं. तांड्याच्या फाट्यावर उतरले.

लालीबाई अंगणात तूर पाखडत होती. तिच्याजवळ जाऊन मी मोठ्याने विचारलं, "आज काही आलं का डोक्यात?"

ती हसली. "तुमालाबी खूळ लागलं, बाई." सूप खाली ठेवलं. "ससा आला. मीठ. पतंग. खिडकी."

माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करते. पण ती थांबली नव्हती.

"आन् हात."

"हात मी सांगितला नाही."

"उजवा हात. लय जड होऊन राहिला म्हनतो." असं म्हणतानाच तिचा चेहरा बदलला. सूप तिथंच टाकून ती उठली. "चला, बाई. म्हाताऱ्याले काईतरी झालं."

फाट्यावर एक ट्रक थांबला, त्यात बसून आलो. सोमलाबाबांचा उजवा हात लुळा पडला होता आणि वाचा गेली होती. नर्स म्हणाली, तुम्ही गेल्यावर थोड्या वेळाने झालं. लालीबाई कॉटवर बसली आणि तो हात मांडीवर घेऊन चोळत राहिली. मुंबईचा विषय तिथेच संपला.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते चिडले. "इतक्या वर्षांचा संसार आहे. बायकोला नवऱ्याचं कळतं. आणि शब्द तू तिच्यासमोर कधीतरी बोलली असशील."

"सर, मग तुम्हीच बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लालीबाईला आवारातल्या कडुलिंबाखाली बसवलं, मला तिच्याजवळ. दार लावून ते एकटेच बाबांपाशी गेले. बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. त्यांनी तिच्या कानाशी वाकून विचारलं, "आजी, सांगा. मी म्हाताऱ्याला कोणता शब्द सांगितला?"

लालीबाईनं डोळे मिटले. मला वाटलं, झालं... आता काही येणार नाही आणि डॉक्टर मला हसणार.

"डागदर," ती म्हणाली, "तुमी तर काईच बोलले न्हाई. नुसतं म्हाताऱ्याच्या कानापाशी तोंड नेलं. म्हातारं वाट पाहून राहिलं ना तिकडं."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग मला व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेले. "मी खरंच काही बोललो नव्हतो," हळूच म्हणाले. "तिनं एखादा शब्द अंदाजाने फेकला असता तर तिथेच पकडलं असतं." नंतर ते परत वॉर्डात गेले आणि बाबांशी कितीतरी वेळ बोलत बसले. काय बोलले ते मला माहीत नाही. हा विषय त्यांनी माझ्याकडे पुन्हा काढला नाही.

सोमलाबाबांना तांड्यावर नेलं. वाचा आली नाही, पण पुढे दोन-तीन वर्षं काढली. लालीबाई मला एकदा कळमनुरीच्या बाजारात भेटली तेव्हा मी विचारलंच. म्हणाली, "म्हातारं गेलं तवापासून काई येत न्हाई. डोकं लय रिकामं वाटतं, बाई."

नंतर नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी कितीतरी म्हाताऱ्यांना शब्द सांगितले आणि ते विसरले. अशा तपासणीनंतर बाहेर बसलेल्या बायकोला, नवऱ्याला मी आजवर सहज विचारत आले, "तुमच्या डोक्यात काही आलं का हो?" माणसं गोंधळून बघतात, काही हसतात. कुणीही आजवर एकसुद्धा शब्द सांगितलेला नाही.