साळूबाईची सीट

मिरजगावच्या गहिनीनाथाचं ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान. पोरींची लग्नं उरकली तसा तो बायकोला म्हणाला, "साळू, आता आपन दोघं गाडीवर लांब लांब फिरायचं."

पुण्याच्या शोरूममध्ये इटालियन गाड्या दोन होत्या. एकीवर ताठ बसायचं, मागची सीटही ऐसपैस. "लांबच्या प्रवासाला हीच घ्या, काका," सेल्समननं सांगितलं. पण गहिनीनाथाचा जीव दुसरीवर जडला. ती लालभडक, वाकून चालवायची, आणि मागची सीट पाटाएवढीसुद्धा नाही. तीच घेऊन तो घरी आला.

दोघं तुळजापूरला निघाले. करमाळा यायच्या आतच साळूबाईनं तिसऱ्यांदा गाडी थांबवायला लावली. "अवं, च्या प्यावा वाटतोय."

टपरीवर ती उभीच राहिली, एक हात कमरेला. जन्मात तिनं चहा घेतला नव्हता. गहिनीनाथाची मान खाली गेली.

"साळू, तुजी सीट बघायचीच राहिली गं."

"बघितली आसती तरी हीच घेतली आसती की तुमी," ती हसून म्हणाली.

'न्हाई' म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण खोटं बोलवेना. तिनं आपला भरलेला कप त्याच्या हातात दिला आणि कंबर दाबत गाडीकडं निघाली.